शून्य तास चाळीस मिनिटं

अकरा दहा

नळी टेबलावर ठेवली गेली तेव्हा अकरा वाजून दहा मिनिटं झाली होती. आता पाच दहापर्यंत तिला कुणी हात लावायचा नव्हता. ताईनं तर नाहीच नाही.

एकोणीस वर्षं ताई प्रयोगशाळेच्या दाराच्या आतल्या बाजूला होती. आज बाहेरच्या बाकावर. दार काचेचं होतं म्हणून दिसत तरी होतं. सगळे तिला ताईच म्हणत, सरसुद्धा, आणि सर तर तिच्याहून सहा वर्षांनी मोठे. तिच्या हाताखालून गेलेलं रक्त म्हणजे दगडावरची रेघ, असं ते पाहुण्यांना सांगत. आज सकाळी त्यांनी तिला टेबलापासून लांब राहायला सांगितलं, तेही तिच्याकडे न बघता.

आत निळ्या स्टँडमध्ये हिरव्या बुचाची एकच नळी उभी होती. नऊ मिलिलिटर रक्त, वर चिकटवलेला क्रमांक एकतीस. रक्त तिच्या नवऱ्याचं.

या नळीतून उद्या दुपारी एक आकडा निघणार होता. तो चाळीसच्या वर निघाला, तर नवऱ्याच्या यकृतात जे चाललंय ते भल्याचं चाललंय, शांतपणे वाट बघायची. चाळीसच्या खाली निघाला, तर गेले अकरा आठवडे तो पेटलेल्या घरात पांघरूण घेऊन झोपलाय. आणि काडी ओढली ती ताईनं.


अकरा पंचवीस

नवऱ्याला आईकडून तीन गोष्टी मिळाल्या होत्या. वाकडी करंगळी, नाकावरचा राग, आणि जन्मतानाच रक्तातून आलेला ब प्रकारच्या काविळीचा विषाणू. पहिल्या दोन लपवता आल्या नाहीत. तिसरी चाळिशीपर्यंत त्याची त्यालाही माहीत नव्हती.

हा विषाणू यकृतात बिऱ्हाड करतो आणि भाडेकरूसारखा हलायचं नाव घेत नाही. तो स्वतः फारशी मोडतोडही करत नाही. मोडतोड करतात त्या आपल्याच पेशी. रक्तातल्या काही पांढऱ्या पेशींचं कामच मुळी हे, की विषाणू शिरलेली पेशी हुडकायची आणि मारायची. पण चाळीस चाळीस वर्षं तोच विषाणू, तेच यकृत. आधी त्या धावून जातात, मग चालत जातात, मग नुसती मान वळवतात. रोज मरे त्याला कोण रडे. त्या मेलेल्या नसतात. ‘त्रास देऊ नये’ अशी पाटी जणू अंगावर लावून घेतात आणि फिरत राहतात.

रोजची गोळी विषाणूचा छापखाना बंद पाडते. नव्या प्रती निघत नाहीत, गलका कमी होतो, आणि त्या शांततेत काही पेशी मान वर करतात. काही करत नाहीत. कुणाच्या करतील, किती, कधी, हे सांगता येत नाही. ते सांगता यावं म्हणूनच सरांचा सगळा खटाटोप चालला होता. वर्षानुवर्षं गोळी घेणाऱ्यांचं रक्त घ्यायचं, त्यातल्या पेशी वेगळ्या काढायच्या, त्यांना रात्रभर विषाणूचे तुकडे दाखवायचे, आणि सकाळी मोजायचं की दहा हजारांत किती जणी खवळल्या. चाळीस किंवा जास्त असतील, तर गोळी थांबवून बघायला हरकत नाही. कमी असतील, तर गोळी चालू.

आता मेख इथे आहे. रक्त अंगाबाहेर आलं की पेशी दमायला लागतात. तासातासानं दमतात. तीन दवाखान्यांतलं रक्त सकाळी काढलं जायचं, पण ते आणणारी गाडी दुपारी यायची. सहा तास जायचे. मग याच इमारतीत तळमजल्यावर काढलेल्या रक्तालाही सहा तास उभं करायचं, असा नियम झाला. एकाला ऊन ऊन वाढायचं आणि दुसऱ्याला गार, आणि वर विचारायचं की कुणाला चव जास्त, याला काय अर्थ? सगळ्यांचं रक्त सारखंच शिळं हवं. चाळीसची रेघ त्या शिळ्या रक्तावर आखलेली होती.

तो नियम बसवला ताईनंच. सर तेव्हा कुरकुरले होते.


बारा

तेरा आठवड्यांपूर्वीची गोष्ट. नवरा या अभ्यासात आहे हे सरांना माहीत होतं. त्याची नळी ताईनं हाताळायची नाही, दुसरी तंत्रज्ञ हाताळेल, असं ठरलेलं होतं. या दुसरीला सगळे घड्याळ म्हणत. लेबल एक केसभर तिरकं लागलं तर तिला जेवण जायचं नाही. ताईनंच तिला घडवलं होतं, आणि गुरूची विद्या गुरूला म्हणतात तशी ती आता ताईच्याच चुका काढायची. ताईला त्याचं कौतुक वाटायचं.

नेमकी त्या दिवशी घड्याळची अक्कलदाढ काढायची होती.

तळमजल्यावरच्या नर्सनं नळी ताईच्या हातात दिली. तुमच्याच घरचं आहे, वर जाताय तर न्या, म्हणाली. ताईनं नेली. नऊ मिलिलिटर म्हणजे ते केवढं, मुठीत धरलं तर दिसतही नव्हतं. पण गरम होतं. हजारो नळ्या तिच्या हातातून गेल्या होत्या आणि तिच्यापर्यंत येईतो सगळ्या गार झालेल्या असायच्या. ही नव्हती.

वर कुणी नव्हतं. रक्ताचे थर वेगळे करणारं सेंट्रिफ्यूज मोकळं होतं. स्टँडमध्ये नळी ठेवायला तिनं हात पुढे केला आणि तो तिथेच राहिला. सहा तास कशाला ताटकळत ठेवायच्या बिचाऱ्यांना, एवढंच तिच्या मनात आलं. म्हणजे, एवढंच आलं असं ती नंतर स्वतःला सांगत राहिली. रेघ शिळ्या रक्तावरची आहे हे जगात सगळ्यात जास्त जिला माहीत होतं, तिनंच त्या क्षणी डोळ्यांवर कातडं ओढून घेतलं.

चाळीस मिनिटांत नळी यंत्रात गेली. थरांच्या मधोमध पांढरट कडं आलं, साईसारखं दाट. किती सुंदर आलंय, असं ती एकटीच मोठ्यानं म्हणाली. मग वहीत रकाना भरला. रक्त काढल्यापासून किती वेळ: शून्य तास चाळीस मिनिटं. हात खोटं लिहायला शिकलेला नव्हता. आणि तो रकाना कुणी बघत नसे, कारण त्यात कायम सहाच असायचे.

दुसऱ्या दिवशी आकडा आला. अठ्ठावन्न.


साडेबारा

नवरा काचकाम करायचा. खिडक्यांच्या तावदानांपासून आरशांपर्यंत सगळं. काचवाल्याच्या हाताला दिवसात दोनदा तरी कापतं, आणि याचं रक्त तर असलं. म्हणून अकरा वर्षं तो जाड हातमोजे घालून, एकटा काम करत आला होता. मदतीला माणूस ठेवला नाही. कारण कुणाला सांगितलं नाही. नवरीसारखे हात जपतो म्हणून शेजारचा सुतार चिडवायचा, तेही ऐकून घेतलं. काच डोळ्यांनी नाही, बोटांनी बघायची असते, असं तो म्हणायचा. मोजे घालून कापायची म्हणजे बहिऱ्यानं गाणं शिकवायचं.

अठ्ठावन्न आले आणि पंधरा दिवसांनी गोळी थांबली. थांबवल्यावर तर हात जास्तच जपा, असं यकृताच्या डॉक्टरबाईंनी बजावलं होतं, सहीच्या कागदावर ते छापलेलंही होतं. त्यानं मान डोलावली. संध्याकाळी ताई दुकानावरून गेली तेव्हा त्यानं मोजे काढून ठेवलेले होते आणि उघडं बोट काचेच्या कडेवरून फिरवत होता, डोळे मिटून. ताईनं पाहिलं. आणि तशीच पुढे गेली.

नवऱ्याची थोरली बहीण फोन करून रडली. या वन्संनी तीस वर्षांत ताईबद्दल एक बरा शब्द काढला नव्हता. त्या म्हणाल्या, आमच्या आईनं त्याला दिलं ते तू काढलंस गं बाई. आईनं दिलेलं काही बायको काढू शकते हे वन्संनी कबूल केलं, तो दिवस कॅलेंडरवर लिहून ठेवण्यासारखा होता. ताई हसली. फोन ठेवल्यावर तिनं ओटा दोनदा पुसला.

चौथ्या आठवड्यात यकृताचा आकडा, म्हणजे यकृताला किती मार बसतोय ते सांगणारा, चांगला होता. आठव्या आठवड्यात थोडा चढला. असं होतंच, असं डॉक्टरबाई म्हणाल्या.


दीड

बाकावर बसून बसून ताईचा पाय बधिर झाला. उठली, दोन पावलं चालली, काचेतून बघितलं. नळी होती तिथेच होती. नळ्या कुठे जात नाहीत.

मागचा शुक्रवार. शोधनिबंध छापायला पाठवायचा होता म्हणून घड्याळ वहीतले सगळे रकाने संगणकावर चढवत होती. पाच पन्नास, सहा पाच, सहा दहा, सहा. ताई पलीकडे हात धूत होती. घड्याळ थांबली.

“ताई, एकतीसला शून्य चाळीस लिहिलंय. सहा चाळीस म्हणायचंय ना?”

पाणी वाहत होतं. ताईनं नळ बंद केला नाही.

“शून्याचा सहा करते मग. शेपूट तेवढी लावायची.”

“कर,” ताई म्हणाली.

घड्याळनं शेपूट लावली. तिला वाटलं, ताई चुकून शून्य लिहून गेली, वय झालं. तिनं तसा विनोदही केला, की आता तुम्हालाही चष्म्याचा नंबर काढायला हवा. ताईनं हात पुसले. मग परत धुतले.

त्या एका शब्दानं जे तेरा आठवडे झाकलेलं होतं ते उघडं पडलं. दुसऱ्यांना नाही, तिला. शून्य चाळीस असं कुणीतरी मोठ्यानं वाचेपर्यंत ती चूक होती. ‘कर’ म्हटल्यावर ती चूक राहिली नाही.

शनिवारी आणि रविवारी ताईनं घरातली सगळी कपाटं आवरली. नवरा म्हणाला, कुणी यायचंय का?


दोन वीस

आज सकाळी दवाखान्याच्या पायऱ्या चढताना ताईनं मनात जुळवलेली वाक्यं, ज्यांतलं एकही पुरं झालं नाही:

डॉक्टरबाई, एक छोटीशी गोष्ट सांगायची राहिली, म्हणजे छोटीशी नाही, पण

त्या दिवशी घड्याळची दाढ नसती तर

अहो, तुम्ही जरा बाहेर बसता का, मला यांच्याशी

माझा हेतू

मुळात सहा तास हा आकडा तरी कुठून आला, तर तो


दोन पस्तीस

सकाळी डॉक्टरबाईंनी कागद पुढे सरकवला होता. यकृताचा आकडा दोनशे दहा. चाळीसच्या आत हवा तो. नवऱ्याचा चेहरा उतरला, पण डॉक्टरबाई हसत होत्या. घाबरायचं नाही, म्हणाल्या. विषाणूनं डोकं वर काढलंय आणि तुमच्या पेशी त्याच्यावर तुटून पडल्यात. त्या जाग्या आहेत हे आपल्याला आधीच माहीत आहे. अठ्ठावन्न होत्या. आकडा आणखी चढेल, मग आपोआप उतरेल. अशा वेळी मध्येच गोळी दिली तर त्यांच्या हातातलं काम काढून घेतल्यासारखं होईल. आता पुढच्या महिन्यात भेटू.

आणि त्या पुढच्या महिन्याची तारीख लिहायला लागल्या.

ताईला कळलं, की आता गप्प राहिलं तर महिना गेला. पेशी पुरेशा नसतील तर विषाणू पसरत जाणार आणि त्या अर्धवट जाग्या पेशी यकृत नुसतं जाळत राहणार, शत्रू तसाच आणि घर बेचिराख. आणि ही हुशार बाई ते बघून अभिनंदन करणार, ताईच्या आकड्यावर विसंबून.

“तो अठ्ठावन्न खरा नाही,” ताई म्हणाली.

पुढचं तिनं सांगितलं ते सरळ सांगितलं, जुळवलेल्यातलं काही न वापरता. नळी गरम होती इथपासून शुक्रवारच्या शेपटीपर्यंत. डॉक्टरबाईंचं पेन तारखेच्या मध्यावर थांबलं. नवरा ताईकडे बघत नव्हता, टेबलावरच्या काचेकडे बघत होता. काचेला कोपऱ्यात तडा होता.

सर खाली आले, वही घेऊन. त्यांनी रकाना शोधला आणि विचारलं, हा सहा कुणाचा. मागून आलेली घड्याळ पांढरीफटक पडून म्हणाली, माझा. ताई म्हणाली, माझाच आहे, तिनं फक्त लिहिला. सरांनी वही मिटली. वीस वर्षांच्या कामावर त्यांनी मग एकच वाक्य खर्च केलं, की ताई, नियम तुम्ही केला होता. ओरडले असते तर बरं झालं असतं.

डॉक्टरबाईंनी गोळ्यांची चिठ्ठी लिहिली, आजपासून सुरू. नवऱ्यानं ती हातात घेतली नाही.

“एकदा चुकीच्या आकड्यावर गोळी सोडली,” तो म्हणाला. “आता आकडा नसतानाच सुरू करू? पहिलं माझं रक्त सगळ्यांसारखं मोजा. सहा तास म्हणजे सहा तास. मग सांगा.”

डॉक्टरबाई त्याला समजावत राहिल्या. एक दिवसानं फार बिघडत नाही, पण घडतही काही नाही, असं त्या म्हणाल्या. तो हलला नाही. नाकावरचा राग आईचा.


तीन

तांबड्या पेशी तळाशी बसल्या होत्या आणि वर पिवळसर पाणी दिसायला लागलं होतं.


तीन पन्नास

नवरा आला आणि बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसला. मधे दोन माणसं मावतील एवढी जागा सोडून. त्यानं दुकान उघडलं नव्हतं. कुठे होतात, असं विचारायचा हक्क आज आपल्याला आहे की नाही, ते ताईला ठरवता येईना. तोच म्हणाला, सुताराकडे बसलो होतो. त्याला सांगून टाकलं, मोजे कशासाठी होते ते. तीनचार वेळा त्यानं काच धरायला मदत केली होती या दोन महिन्यांत. उद्या रक्त तपासून घे म्हटलं.

“काय म्हणाले ते?”

“काही नाही. हात बघत बसला स्वतःचे.”

आत घड्याळ दुसऱ्या टेबलावर काम करत होती आणि मुद्दाम त्या नळीकडे पाठ करून बसली होती.

“तीस वर्षं काच कापतोय,” नवरा म्हणाला. “रेघ चुकली की ती काच बाजूला. डिंक लावून गिऱ्हाइकाच्या खिडकीत बसवत नाही मी.”

ताईनं काचेतून नळीकडे बघितलं.

मग त्याला काहीतरी सुचलं आणि तो पहिल्यांदा तिच्याकडे वळला. अंगात काय त्या पेशी सहा तास स्टँडमध्ये उभ्या असतात का, त्यानं विचारलं. अंगात तर ताज्याच असतात. मग ताज्या रक्ताचा अठ्ठावन्नच खरा, आणि तुमचे ते सगळे शिळे आकडे खोटे. असं का नसेल?

त्याच्या आवाजात आशा होती आणि ती ऐकवत नव्हती. हा प्रश्न मूर्खपणाचा असता तर ताईला सोपं गेलं असतं.

“असेलही,” ती म्हणाली. “पण चाळीसची रेघ शिळ्या रक्तावर आखलीय. शिळ्यात चाळीस निघाले त्यांचं भलं झालं, एवढं माहीत आहे. ताज्यात किती हवेत ते कुणालाच माहीत नाही. अठ्ठावन्न पुरत असतील. नव्वद लागत असतील तर?”

“म्हणजे तुला माहीत नाही.”

“नाही.”

“आणि तेरा आठवडे माहीत असल्यासारखी घरात वावरलीस.”

“हो.”

तो परत सरळ बसला. समोरच्या भिंतीवर आग विझवण्याच्या नळकांड्याची सूचना होती, ती त्यानं वरपासून खालपर्यंत वाचली असावी.

“का केलंस?”

तिनं खूप शोधलं. हेतू, प्रेम, दया, सगळे शब्द हाताशी होते आणि सगळे सारवासारवीचे वाटले.

“तुमचं रक्त गरम होतं,” ती म्हणाली.

तो परत त्या सूचनेकडे बघायला लागला. पण उठून गेला नाही.


पाच दहा

घड्याळनं नळी उचलली, भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं, वहीत लिहिलं आणि वही उचलून काचेला लावली, बाहेर दिसेल अशी. सहा तास शून्य मिनिटं. तिला तसं करायची गरज नव्हती.


दुसऱ्या दिवशी

एकोणीस.

सरांनी यंत्रावरचे ठिपक्यांचे नकाशे दोनदा तपासले. खवळलेल्या आणि शांत ठिपक्यांमधली रेघ आखायचं काम त्यांनी स्वतः केलं, ताईनं शिकवलेल्या पद्धतीनं. पेशी जिवंत होत्या, भरपूर होत्या, त्यांना विषाणूचे तुकडे दाखवले होते, आणि दहा हजारांतल्या एकोणीस सोडून बाकीच्यांनी मान वळवली नव्हती.

डॉक्टरबाईंच्या खोलीत नवऱ्यानं गोळी घेतली. त्यांनी पुढे केलेल्या पेल्यातलं पाणी प्यायला. ताईनं पर्समधून बाटली काढली होती, ती तिनं परत ठेवली.

ताईच्या हातात सरांनी एक पत्र दिलं. चौकशी होईपर्यंत नोंदणीच्या खिडकीवर बसायचं. एकतीस क्रमांक अभ्यासातून वगळला. निबंध थांबवला. पत्र ताठ भाषेत होतं, पण दिल्यावर सर दारात उगाच थोडे रेंगाळले आणि मग गेले.


सहाव्या दिवशी

गोळी विषाणूला थांबवते. पेशींना नाही. हे ताईला माहीत होतं आणि तरी रोज सकाळी ती त्याचे डोळे बघायची. सहाव्या दिवशी ते पिवळे होते. त्यानं आरशात बघितलं, स्वतःच कापून बसवलेल्या, आणि म्हणाला, काचेचा दोष नाही.

यकृताचा आकडा अकराशे चाळीस. दाखल करून घेतलं.

विषाणू आता उतरणीला लागला होता. पण मधल्या काळात तो इतक्या पेशींत शिरला होता, की रक्तातला सगळा जमाव यकृतात लोटला होता. ज्या जुन्या, जाणत्या, त्या थोड्याच. बाकी नुसती बघ्यांची गर्दी, आणि गर्दीच्या हातात दगड. डॉक्टरबाई सकाळ संध्याकाळ रक्त गोठायला किती वेळ लागतो ते बघत होत्या. तो वेळ वाढला, तर दुसऱ्याचं यकृत शोधायची गोष्ट काढावी लागेल, हे त्यांनी ताईला व्हरांड्यात उभ्याउभ्या सांगितलं. वन्सं आल्या, भावाजवळ बसल्या, आणि जाताना ताईच्या अंगावरून भिंतीवरून जावं तशा गेल्या.

नवऱ्यानं तिला बाहेर बसायला सांगितलं होतं. रागानं नाही. तू आत असलीस की मी तुझ्या तोंडावर आकडा शोधत बसतो, म्हणाला.

म्हणून ती बाहेर बसली.


नवव्या दिवशी

आकडा अकराशे. उतरला म्हणू नका, डॉक्टरबाई म्हणाल्या, थांबला म्हणा. रक्त गोठायचा वेळ वाढला नव्हता. सुताराचा तपासणीचा कागदही आला होता. त्याच्यात काही नव्हतं, पण तीन महिन्यांनी परत बघायचं होतं. तो स्वतः ते सांगायला आला आणि पाचच मिनिटं बसला.

दुपारी आतून हाक आली. अगं.

ती आत गेली. तो उशीला टेकून बसला होता, हळदीसारखा पिवळा, गाल बसलेले.

“आता जाग्या आहेत ना त्या?” त्यानं विचारलं.

“हो. नको तितक्या.”

“म्हणजे तुझा रिपोर्ट खरा झाला शेवटी.”

तो हसला, त्याचं त्यालाच पोटात दुखलं, आणि थांबला. ताईला हसू आलं नाही. तिला वाटलं आता रडू येईल, तेही आलं नाही.

नर्स आली, दंडाला पट्टा बांधला, नळी भरून घेतली आणि गेली. ताई खिडकीबाहेर बघत राहिली. ती नळी कुठल्या मजल्यावर जाईल, किती वेळ थांबेल, कुणाच्या हातात पडेल, यातलं काही तिला विचारता येणार नव्हतं.

“यापुढे माझा आकडा तू मला सांगायचा नाही,” तो म्हणाला. “चांगला असला तरी. डॉक्टरबाई सांगतील.”

“बरं.”

“आणि मी बरा झालो तरी हे असंच राहील. आधीच सांगून ठेवतो.”

“बरं.”

तो दमला होता. त्यानं डोळे मिटले आणि पाय भिंतीकडे ओढून घेतले. खाटेच्या कडेला एक माणूस जेमतेम टेकेल एवढी जागा झाली. ती जागा तिच्यासाठी होती, की त्याला फक्त कूस बदलायची होती, हे तिला सांगता आलं नाही. थोडा वेळ ती उभी राहिली. मग विचारलं, “अहो, बसू का?”